आमची वाटचाल : माउस नसलेली पेढी

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीची २बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते. त्या संध्याकाळी ठाकूरद्वारच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नाही. तिघांच्या एकेका कानात हेडफोन असतो. दुसरा कान मोकळा, कारण गिऱ्हाइकाचा फोनही घ्यायचा असतो आणि चहावाला आला की ग्लासही. तिघांपैकी मी आणि माझा एक सहकारी पूर्ण अंध, तिसरीला अगदी डोळ्यांजवळ धरलं तर थोडंफार दिसतं. चौथी माझी बायको. तिला सगळं दिसतं आणि ते ती आम्हाला वेळोवेळी ऐकवते. खोलीत कॉम्प्युटर चार आहेत, माउस एकच. तिचा.

हिशेबाच्या धंद्यात तुम्ही आलातच कसे, असं लोक विचारतात. मी आलो नाही, आधीपासून होतोच. मस्जिद बंदरला एका घाऊक व्यापाऱ्याकडे अकरा वर्षं हिशेब लिहिले, सुरुवातीला रोजमेळ-खतावणी हाताने, मग कॉम्प्युटरवर. रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार, तेव्हाच सुरू झालेला होता. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं. शेवटी शेवटी स्क्रीन नळीतून बघितल्यासारखी दिसायची : नाव सापडलं की रक्कम निसटायची, रक्कम धरली की नाव. २०११ मध्ये ती नळीही बंद झाली. शेठनी चार महिने सांभाळून घेतलं, मग दिवाळीचा बोनस देऊन हात जोडले. राग आला नाही असं नाही.

पण त्या नळीने एक सवय लावून ठेवली होती. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, तोही एका वेळी एकच सेल सांगतो : आत काय आहे आणि पत्ता काय, 'बी ७', 'सी ७'. अख्खं पान एका नजरेत हा प्रकार नाहीच. नकाशा डोक्यात ठेवायचा आणि बाणाच्या बटणांनी गल्लीबोळ फिरायचे. गिरगावात वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

शिकायची सोय मुंबईत आहे. वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, धोबी तलावला झेवियर्स कॉलेजात २००३ पासून एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे. मी मात्र बरंचसं घरीच शिकलो, एका अंध बँक कर्मचाऱ्याकडून. तो संध्याकाळी चर्नी रोडला गाडी पकडण्याआधी तासभर आमच्याकडे थांबायचा. त्याच्या बँकेत जॉज होतं, विकत घ्यायचा स्क्रीन रीडर. त्याचा परवाना घेण्याची माझी ऐपत नव्हती आणि फुकटातलं जॉज एका वेळी ४० मिनिटंच चालतं, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट. चाळीस मिनिटांत एका दुकानाची महिन्याची विक्री मांडायची असा खेळ मी काही आठवडे खेळलो. मग त्यानेच एनव्हीडीए टाकून दिलं. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केलेला हा स्क्रीन रीडर, सुरुवात २००६ ची, आणि पूर्ण मोफत. २०१२ मध्ये तीन गिऱ्हाइकांवर आम्ही पेढी सुरू केली तेव्हा भांडवलात सॉफ्टवेअरचा खर्च शून्य होता. खोलीचं डिपॉझिट बायकोच्या बांगड्यांतून आलं. हे तिने वाचायच्या आत लिहून टाकतो.

पहिलं मोठं गिऱ्हाईक लोहार चाळीतलं, वायर आणि स्विचचं दुकान. शेठ समोर बसून म्हणाले, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नको, पण तुला दिसत नाही, माझा हिशेब तू तपासणार कसा?" मी म्हटलं, तुमची एखादी शीट द्या. त्यांनी पेन ड्राइव्ह दिला. मी कंट्रोल-होमने वर गेलो आणि खाली बाण दाबत सुटलो. 'बी ४०', 'बी ४१', 'बी ४४'. मी थांबलो. परत वर, परत खाली. ४१ नंतर ४४च. "शेठ, ४२ आणि ४३ या ओळी कोणीतरी लपवल्यात." खोलीत शांतता. डोळ्यांनी बघणाऱ्याला डावीकडचे आकडे दिसतात, पण ते वाचतो कोण? मला ते ऐकावेच लागतात. त्या दोन ओळींत काय होतं ते मी सांगणार नाही, पण दुकानातला हिशेबाचा मुलगा पुढच्या महिन्यात बदलला आणि ते गिऱ्हाईक अजून आमच्याकडे आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्यासारख्यांचं काम दुप्पट झालं. ११ तारखेला विक्रीचा जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी विवरणपत्र, आणि २०२० पासून मध्ये ही २बी. १ जानेवारी २०२२ पासून तर २बी मध्ये दिसेल त्याच बिलाचं क्रेडिट, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट. म्हणजे आपलं खरेदीचं रजिस्टर आणि २बी ओळीला ओळ जुळली पाहिजे. व्हीलुकअप, एका यादीतलं दुसरीत शोधणारा फॉर्म्युला, लावायचा आणि जी बिलं जुळत नाहीत ती एकेक करून धरायची.

एकदा एक बिल दोन दिवस जुळेना. रक्कम तीच, तारीख तीच, पुरवठादार तोच. बायकोने दोन्हीकडचे बिल नंबर शेजारी शेजारी ठेवून बघितले. "सारखेच आहेत रे." मी सेलवर गेलो, एफ २ दाबलं आणि डाव्या बाणाने एकेक अक्षर मागे आलो. आमच्या रजिस्टरमध्ये : टू, वन, झिरो. २बी मध्ये : टू, वन, ओ. पुरवठादाराकडे कोणीतरी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला होता. डोळ्याला दोन्ही गोलच. तेव्हापासून न जुळणाऱ्या बिलावर पहिलं औषध तेच : एफ २ आणि डावा बाण. शेवटी चिकटलेली मोकळी जागाही त्यातच सापडते, कारण स्क्रीन रीडर तिला न लाजता 'स्पेस' म्हणतो. जीएसटी नंबराच्या पंधरा अक्षरांतही तेच, झेडच्या जागी टू पडलेला कानाला लगेच टोचतो.

कान सगळीकडे जिंकतो असं नाही. सेलमधला १०२४ खरा आकडा आहे की मजकूर म्हणून पडलेला, हे ऐकून कळत नाही, दोन्ही सारखेच वाजतात. दिसणाऱ्याला मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो, कोपऱ्यात बहुतेक वेळा हिरवा त्रिकोणही. आम्हाला शेजारच्या रकान्यात इज-टेक्स्टचा फॉर्म्युला टाकून विचारावं लागतं. स्कॅन केलेली बिलं बायकोशिवाय होत नाहीत. आणि इंग्रजी आवाज सव्वा लाखाला 'वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड' म्हणतो. त्याचे लाख करणं हे चौदा वर्षांनंतरही माझ्याच डोक्यात चालतं.

आता आमची सगळ्यात मोठी चूक, म्हणजे माझी. एका गिऱ्हाइकाच्या उधारीच्या शीटमध्ये शोभेसाठी मधला एफ रकाना रिकामा, बारीक करून सोडला होता. मी कंट्रोल आणि उजव्या बाणाने फिरलो. ती उडी रिकामी जागा ओलांडूनच जाते. 'ई १', मग 'जी १'. एफ कुठे गेला, हे लपलेल्या ओळी पकडणाऱ्या माझ्या कानाने ऐकलं नाही, कारण घाई होती. नावांवर सॉर्ट लावला. एक्सेल रिकाम्या रकान्यापाशी थांबतं : डावीकडची नावं हलली, उजवीकडच्या रकमा जागच्या जागी राहिल्या. मी सेव्ह करून बंद केलं आणि त्या यादीवरून तगाद्याची पत्रं गेली. भुलेश्वरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला, ज्याने आयुष्यात उधारी ठेवली नाही, त्याला ६२ हजारांचं पत्र. ते काका स्वतः जिना चढून आले. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसून पाणी मागितलं आणि म्हणाले, "बेटा, हे पैसे मी कधी घेतले, ते तरी सांग."

मेलमध्ये जुनी प्रत होती म्हणून निभावलं. त्यानंतर सॉर्टआधी कंट्रोल-ए हा नियम झाला. आवाज सांगतो, 'ए १ ते ई २१२', आणि ई ऐकून कळतं की यादी मध्येच तुटलीय. शिवाय पहिल्या रकान्यात अनुक्रमांक. काहीही विस्कटलं तरी त्यावर सॉर्ट करून जसंच्या तसं. नवीन येणाऱ्याला हे मी पहिल्या दिवशी शिकवतो आणि काकांची गोष्टही सांगतो. त्यांचं काम आता आम्हीच बघतो, ते कसं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दुसऱ्यांच्या शीटशी भांडण मात्र रोजचं. मर्ज केलेल्या सेल हा पहिला शत्रू. शीर्षक पाच रकान्यांवर पसरून मधोमध ठेवलं की देखणं दिसतं, पण खालच्या कोणत्या रकान्याचं नाव काय, हे स्क्रीन रीडरला लागत नाही. शीट आली की आम्ही आधी ऑल्ट, एच, एम, यू करून सगळं सुटं करतो. मग शीर्षकाच्या पहिल्या सेलवर इन्सर्ट, शिफ्ट, सी. यानंतर रकाना बदलला की एनव्हीडीए आधी त्याचं नाव सांगतं, मग रक्कम. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या याद्या तर ऐकवत नाहीत. गिरगावातल्या एका सोसायटीची सभासदांची यादी अशी आली होती. प्रत्येक सभासदाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि कंसांची मूठभर भेळ. बायकोने शंभरेक नावं बसून पुन्हा टाइप केली. बिलात ते काम आम्ही लावलं नाही, यावर आमचं आजही दुमत आहे.

आणि रंग. लोहार चाळीतले शेठ म्हणायचे, "पिवळं केलंय ते आलेलं, लाल ते बाकी." स्क्रीन रीडर रंग सांगू शकतो, इन्सर्ट-एफ दाबलं की. पण चारशे ओळींना चारशे वेळा कोण दाबणार? मी त्यांना 'स्थिती' नावाचा एक रकाना घालायला सांगितला : 'आले' किंवा 'बाकी'. ते म्हणाले, तुझ्या एकट्यासाठी मी शीट का बदलू? मग मी त्यांना सम-इफ लावून दाखवला. बाकी शब्दाची बेरीज एका क्षणात येते. रंगाची बेरीज सम-इफला करता येत नाही, त्याला रंग दिसतच नाही, माझ्यासारखाच आहे तो. शेठ हसले आणि रकाना घातला.

लॉकडाऊनमध्ये आम्हाला फारसं काही बदलावं लागलं नाही. सगळं कीबोर्डवर असल्याने घरून तेच काम चाललं, फक्त गिऱ्हाइकं अर्धी झाली आणि दोन वर्षांत परत आली. आता वीसेक आहेत. सहकारी बोरिवलीहून येतो, प्लॅटफॉर्मवर बीप वाजते तिथे अपंगांचा डबा गाठतो, आणि गाडीत फोनवर २बी ऐकत येतो. मी त्याला तसं करू नको म्हणतो.

गेल्या महिन्यात शेठची शीट आली. 'स्थिती' रकाना नीट भरलेला. बायको माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "सगळं पुन्हा पिवळं-लाल केलंय." मी फोन लावला. "शेठ, रंग कशाला?"

"तो तुझ्यासाठी नाही रे भाऊ. माझ्यासाठी आहे. मला वाचायला कंटाळा येतो."