रविवारी रात्री मेस बंद असते

पुण्यातल्या बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेसला सुट्टी असते. मेस चालवणाऱ्या काकूंनाही आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी हवी, हे अगदी रास्त आहे. परंतु लातूर, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना आपण या शहरात एकटे आहोत याची पहिली खरी जाणीव होते ती याच संध्याकाळी. बाकीचे दिवस तास, ग्रंथालय, बस आणि डबा यांत निघून जातात. रविवारी रात्री मात्र कोणाबरोबर जेवायचे हा प्रश्न समोर येतो आणि त्याला उत्तर नसले की खोलीवर बिस्किटांचा पुडा फोडून झोपावे लागते.

माझी भाची यंदा एम.ए.साठी पुण्यात आली. तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, वर्गाच्या ग्रुपवर साठ जण आहेत, पण डबा खायला बरोबर कोणीच नाही," असे ती म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या वेळी मी तिला जे सांगितले ते घाईघाईत सांगितलेले होते आणि अपुरे होते, म्हणून आता सावकाशीने लिहीत आहे.

मी स्वतः २०११ च्या जुलैमध्ये उदगीरहून रातराणीने पुण्यात उतरले. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट, भिंतीत एक फडताळ आणि त्यातला एक कप्पा माझा. विद्यापीठ गणेशखिंडीला, त्यामुळे रोज बसने जाणे-येणे. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे. प्रत्येक विभागाची वेगळी इमारत आणि मध्ये वड-पिंपळांचे लांबच लांब रस्ते असल्यामुळे हजारो विद्यार्थी असूनही नव्या माणसाला रोज दिसतात ती आपल्या वर्गातली तीस-चाळीस तोंडेच. त्यातले निम्मे विद्यार्थी पुण्यातल्याच महाविद्यालयांतून आलेले असायचे आणि त्यांचे गट आधीच ठरलेले असायचे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना नव्या मैत्रिणीची गरज नव्हती, एवढेच.

माझी दुसरी अडचण भाषेची होती. आमच्याकडे "काय करायलीस?" असे विचारतात, पुण्यात तसे म्हटले की समोरचा क्षणभर थांबतो, कधी हसतो. त्या हसण्यात दर वेळी हेटाळणी असतेच असे नाही, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी प्रत्येक वाक्य आधी मनात प्रमाण भाषेत जुळवून मग बोलत असे, आणि वाक्य जुळेपर्यंत बोलण्याचा विषय पुढे गेलेला असे. बोलण्यापूर्वी इतकी तयारी करावी लागत असेल तर माणूस गप्पच बसतो.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही असा विचार मी केला, पण ती खरी आहे आणि आजही घडते, म्हणून लिहिते. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीशी माझी चांगली ओळख होऊ लागली होती. एके दिवशी तिने माझे आडनाव विचारले, मी सांगितले, आणि त्यानंतर तिचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. भांडण नाही, अपमान नाही, फक्त शेजारच्या खुर्चीवर एक पिशवी ठेवलेली दिसू लागली. ज्यांना हा अनुभव आला आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना आला नाही त्यांनी नव्या माणसाला आडनाव विचारण्याआधी गाव विचारावे, आणि गाव कळल्यावर तिथेच थांबावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

घरून येणारे पैसे पुरत नसल्यामुळे ऑगस्टमध्ये मी 'कमवा व शिका' योजनेत नाव घातले. या योजनेमागची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्यात कमीपणा नाही हे महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या मनावर ठसवले. मला ग्रंथालयातले काम मिळाले, रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस. पुस्तके जागेवर लावणे, फाटलेल्या कण्यांना पट्टी चिकटवणे, नवी लेबले लावणे अशी कामे असत. त्यानंतर ग्रंथ पडताळणी सुरू झाली. हे काम एकट्याने होत नाही. एकीने कपाटातले पुस्तक काढून त्याचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने नोंदवहीत तो शोधून त्यापुढे खूण करायची, अशी त्याची पद्धत. माझ्या जोडीला सावंतवाडीकडची एक मुलगी आली.

पहिल्या दिवशी आमच्या दोघींच्या खुणा चुकू लागल्या. ती "सदुसष्ट" म्हणे आणि मी सदतीसपुढे खूण करी. मी "सत्त्याण्णव" म्हणे आणि तिला सत्तावन्न ऐकू येई. कपाटांच्या दोन रांगांमध्ये अंधार, जुन्या कागदाचा वास, वर पंख्याची घरघर, आणि त्यातून तिच्या कोकणातल्या हेलात आलेला आकडा माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर दुसराच होऊन जाई. तासाभराने तिने पुस्तक मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आपण असं करूया का, एकेक अंक सुटा सांगूया. सहा, सात." तेव्हापासून आम्ही अंक सुटे वाचू लागलो आणि चुका थांबल्या. त्याच दिवशी दुपारी तिच्या आईचा फोन आला. माझ्यासमोर ती मालवणीत "हयसर", "खंय" असे भराभर बोलू लागली. मला त्यातले निम्मे कळले नाही, पण तिला माझी अडचण वाटली नाही हे मात्र कळले. दुसऱ्या दिवशी ती आत येताना दिसली तेव्हा वाक्य न जुळवता माझ्या तोंडून निघून गेले, "आज उशीर का करायलीस?" तिने फक्त उत्तर दिले. बस चुकली होती.

तिथे काम करणारी बाकीची मुले आम्हाला गावांच्या नावांनी हाक मारत. मी उदगीर, ती सावंतवाडी, बागेच्या कामावरून कधीकधी येणारा एक मुलगा नवापूर. आडनावे कोणी विचारली नाहीत आणि आमच्यातल्या काहींची मला आजही ठाऊक नाहीत.

मात्र याला मी अजून मैत्री म्हणत नव्हते. आम्ही तीन तास काम करायचो, 'चल, येते' म्हणायचो आणि दोन वेगवेगळ्या पेठांत दोन वेगवेगळ्या खोल्यांवर जायचो. पुष्कळ वर्षांनी मी एका अभ्यासाबद्दल वाचले. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. नव्या गावात राहायला आलेली माणसे आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांच्या अनुभवांवरून त्यांनी असा अंदाज मांडला की नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, ज्याला आपण मित्र म्हणू तिथवर पोहोचायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक काळ एकमेकांच्या सहवासात जावा लागतो. वाचल्याबरोबर मी आमचा हिशेब मांडला: आठवड्याला १५ तास, ऑगस्टच्या सुरुवातीपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बारा आठवडे, म्हणजे १८० तास. आकडा जवळपास बसत होता. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. कामाच्या ठिकाणी किंवा वर्गात नाइलाजाने बरोबर घालवलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत; स्वतःहून, काही कारण नसताना एकमेकांबरोबर घालवलेला वेळच माणसांना जवळ आणतो.

आमच्याबाबतीत असा पहिला वेळ एका रविवारी आला. त्या आठवड्यात खडकवासला धरणातून पाणी सोडले होते आणि मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला होता. शुक्रवारी काम संपवून निघताना तिने सहज विचारले, "रविवारी रात्री तू काय खातेस?" मी खरे ते सांगितले, बिस्किटे. तीही तेच खात होती. इतके आठवडे रोज शेजारी बसून आम्ही हजारो दाखल क्रमांक एकमेकींना सांगितले होते, पण रविवारी रात्री आपण दोघीही उपाशीपोटी झोपतो हे सांगितले नव्हते.

त्या रविवारी आम्ही झेड पुलावर भेटलो. पूल माणसांनी भरला होता, लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक पाणी बघायला आले होते, आणि खाली मुठा नदी गढूळ, फुगलेली, नदीपात्रातला रस्ता गिळून वाहत होती. पुण्याच्या लोकांना या पाण्याचे इतके कौतुक का, हे आम्हा दोघींनाही नवीन होते. मी जिथून आले तिथे पाण्याची वाट बघत दिवस जातात आणि ती जिथून आली तिथे चार महिने पाणीच पाणी असते. मग आम्ही डेक्कनच्या बाजूला उतरून एका गाडीवर एक प्लेट पावभाजी घेतली, दोन पाव जादा मागितले आणि दुकानाच्या बंद शटरसमोरच्या पायरीवर बसून खाल्ली. त्यापुढचे सगळे रविवार आमचे ठरूनच गेले. गणपतीला ती गावी गेली आणि येताना मालवणी खाजे घेऊन आली. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्यासाठी मीही घरी जाऊन आले आणि येताना धपाटे व शेंगदाण्याची चटणी आणली. तिला ती चटणी इतकी आवडली की पुढे माझ्या आईने तिच्यासाठी वेगळी पुडी बांधायला सुरुवात केली.

भाचीला मला सांगायचे आहे ते यातूनच निघते. नव्या शहरात ओळखी वाढवण्यासाठी फार बोलके असावे लागते, असे सगळे म्हणतात आणि त्या एका समजापायी अबोल मुले स्वतःला दोष देत बसतात. बोलकेपणापेक्षा त्याच जागी, त्याच वेळी, त्याच माणसांसमोर पुन्हा पुन्हा जाणे अधिक उपयोगी पडते. म्हणून ज्यात हाताला काम आहे असे काहीतरी धरावे. कमवा व शिका आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर आहे, जिथे भाकरी थापताना आणि श्रमदानाच्या घमेल्यांची साखळी करताना शेजारच्याशी बोलावेच लागते. महाविद्यालयात असाल तर १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी आहेत, आणि रंगमंचावर जाण्याची इच्छा नसली तरी नेपथ्य उचलायला, प्रकाशयोजनेला हात लावायला, चहा आणायला तिथे माणसे लागतातच.

दुसरे असे की पहिले दोन महिने दर शनिवारी गावी पळू नये. मी जुलैत दर पंधरा दिवसांनी रातराणी पकडत असे. आईच्या हातचे जेवण मिळे, पण सोमवारी वर्गात आले की इतरांनी दोन दिवसांत केलेल्या गोष्टी ऐकताना मी आणखी बाहेरची होऊन जाई. शिवाय खाड्याचे पैसे मेसमध्ये सलग तीन दिवस गैरहजर असल्याशिवाय वळते होत नसत, त्यामुळे तोही भुर्दंड बसे. घरची ओढ मुळीच चुकीची नाही, मला तर दर एकादशीला आईच्या हातची भगर आठवून घशात आवंढा येई; पण ज्या संध्याकाळी मैत्री होण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकी तीच संध्याकाळ आपण एस.टी.त घालवतो.

आणि तिसरे, जे मला स्वतःला जमले नाही आणि सावंतवाडीला जमले, ते म्हणजे विचारणे. तिने मैत्रीबद्दल काहीही विचारले नव्हते. तिने जेवणाबद्दल विचारले होते. समोरच्याला ज्याचे उत्तर एका शब्दात देता येईल आणि नाही म्हणायचे असल्यास अवघड वाटणार नाही, असा तो प्रश्न होता. तो प्रश्न तिने केला नसता तर पडताळणी संपली असती, नोंदवही कपाटात गेली असती आणि आम्ही एकमेकींना बसथांब्यावर ओळखीचे हसू देत राहिलो असतो. ती आज रत्नागिरीत शिकवते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात ती आठ दिवस उदगीरला येऊन राहिली होती.

हे लिहून होत असतानाच, परवा, शनिवारी रात्री भाचीचा निरोप आला. तिच्या शेजारच्या कॉटवर धुळ्याची एक मुलगी आहे, तीही रविवारी बिस्किटेच खाते असे आज कळले, आणि उद्या रात्री डेक्कनच्या बाजूला काय उघडे असते, असे तिने विचारले आहे. मी तिला दोन-तीन गाड्या सांगितल्या, त्यातली पावभाजीची कुठे उभी असते तेही सांगितले, आणि पैसे बेताचे असतील तर दोघींत एक प्लेट घेऊन पाव जादा मागा, असे कळवले.