तुम्ही विचारलंत म्हणून : स्कार्लेटिना म्हणजे काय?

"डॉक्टर, कागदावर स्कार्लेटिना लिहिलंय. म्हणजे स्कार्लेट फीव्हर नाही ना? त्यापेक्षा हलकं असंल?" साताऱ्यात लहान मुलांचा दवाखाना चालवायचा म्हणजे हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या हातात मोबाईल असतोच.

हलकं नाही, तेच आहे : अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप. इटालियनमध्ये ‘स्कार्लात्तो’ म्हणजे गडद लाल. त्याचं लडिवाळ रूप ‘स्कार्लात्तिना’, तेच लॅटिनमध्ये गेलं. मुळात स्कार्लेट हा रंग नव्हताच. ते भारी लोकरी कापड, निळं-हिरवंसुद्धा मिळायचं. किरमिजी किड्याच्या रंगातलं सगळ्यात महाग, म्हणून नाव त्या लालीला चिकटलं. पेशवाईच्या कागदांतली फारसी ‘सकलाद’, म्हणजे लोकरी कापड, याच घराण्यातली.

लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम, त्याने 1676 च्या ग्रंथात ‘फेब्रिस स्कार्लेटिना’ (फेब्रिस म्हणजे ताप) लिहिलं, तेव्हा त्याला हे नावापुरतं दुखणं वाटलं. त्याच्या वाट्याला साथच सौम्य आली होती. पुढे 19 व्या शतकात याच तापाने युरोपातली मुलं पटापट नेली. 1858 मध्ये चार्ल्स डार्विनचं तान्हं पोर गेलं. तरी ‘नुसता स्कार्लेटिना आहे’ असं म्हणणारे तेव्हाही होतेच!

घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू बसतो, त्याचं विष अंगावर पुरळ उठवतं. पुस्तकातला लालभडकपणा आपल्या सावळ्या मुलांत नीट दिसत नाही, म्हणून मी पोटावरून हात फिरवतो. कातडी सुताराच्या पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. मग जीभ बघायची : आधी पांढरा थर, तो गेला की लाल, दाणेदार. हिला ‘स्ट्रॉबेरी जीभ’ म्हणतात, आणि महाबळेश्वर शेजारी असल्यावर ते समजावून सांगावं लागत नाही.

पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पुरे 10 दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि उरलेलं औषध फ्रीजच्या दारात पडून राहतं, याची मला खरी धास्ती. अर्धवट मेलेल्या जंतूमागून संधिवाताचा ताप येऊ शकतो, तो हृदयाच्या झडपा खराब करतो. शाळेत मात्र औषध सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप नसला की पाठवा.

आठवड्याभराने बोटांच्या टोकांची सालं निघू लागतात. ‘आता हे काय नवीन?’ म्हणून फोन येतात. नवीन काही नाही, ओढून काढू नका, खोबरेल लावा.