दुर्बिणीतून होतंय, तर करून टाकू का?

"मॅडम, आईचं मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतंय म्हणे. एवढासा छेद, दुसऱ्या दिवशी घरी. करून टाकू का?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झालेल्या पेशंटची मुलं हे मला सतत विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. छेद केवढा, हे नंतर बघू. आधी सांगा, आई न थांबता किती चालते?

कमरेच्या मणक्यांमधल्या या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसांची जुडी खाली उतरते. वयाबरोबर पुढून दोन मणक्यांमधली चकती फुगते, बाजूचे सांधे जाड होतात आणि मागचा लिगामेंटम फ्लेव्हम नावाचा पिवळसर पट्टाही जाडावतो. चहूबाजूंनी जागा कमी होत जाते, बहुतेकांची चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये. हेंक व्हर्बिस्ट या डच न्यूरोसर्जननं १९५४ साली या दुखण्याचं नीट वर्णन केलं. आडवं पडल्यावर, बसल्यावर काही नाही. उभं राहिलं किंवा चाललं की पाय भरून येतात, जड होतात, मुंग्या येतात. माझे पेशंट आजही जवळजवळ याच शब्दांत सांगतात.

माझ्याकडे येणारे एक आजोबा सायकल हातात धरून येतात. सायकलवर बसले तर मंडईपर्यंत बिनत्रास जातात, पण नुसतं पायी निघाले तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोनदा टेकावं लागतं. म्हणून चालायचं असलं तरी सायकल बरोबर, दोन्ही हात हँडलवर आणि कंबर पुढे वाकलेली. पुढे वाकलं की नळीत थोडी जागा होते आणि नसा मोकळ्या होतात. पोळ्या लाटता लाटता ओट्यावर कोपरं टेकून उभ्या राहणाऱ्या काकूंचंही हेच चाललेलं असतं. पायांचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. इथे बसावं किंवा वाकावं लागतं. म्हणून पावलांची नाडी तपासल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.

आणि एमआरआयची फिल्म पाहून घाबरून जाऊ नका. साठीनंतर अनेकांच्या फिल्ममध्ये नळी अरुंद दिसते आणि ती माणसं मजेत चालत-फिरत असतात. तक्रारी असलेल्यांपैकीही बऱ्याच जणांचं दुखणं वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं. गुडघे पोटाशी घेण्याचे व्यायाम, एका जागची सायकल, पोटाच्या स्नायूंना बळकटी, गरजेपुरती औषधं, हे मनापासून काही महिने करून बघायला बहुतेकांकडे वेळ असतो. ते करूनही आईचं देवळात जाणं सुटलं, भाजीला जाणं सुटलं, पायांमुळे ती घरात कोंडली गेली, तर मात्र ऑपरेशनला घाबरू नका. केवळ वयाच्या भीतीनं थांबलेली माणसं बघून मला फार वाईट वाटतं. योग्य पेशंटला यानं खरंच चालणं परत मिळतं.

मला हे ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून बघायला मिळालं आहे. मध्यरेषेच्या एका बाजूला सुमारे दोन सेंटीमीटरचा छेद घेतात. एकावर एक जाड होत जाणाऱ्या उपकरणाच्या नळ्या सरकवून स्नायू न कापता बाजूला सारतात आणि शेवटच्या नळीतून मायक्रोस्कोपखाली काम चालतं. मणक्याच्या मागच्या कमानीच्या हाडाचा थोडा भाग बर्रनं, म्हणजे बारीक ड्रिलनं, घासतात, मग तो जाड पिवळा पट्टा पंचनं तुकड्या-तुकड्यानं काढतात. नंतर टेबल कलतं करून, त्याच छेदातून पलीकडची बाजूही मोकळी करतात. नसांवरचं दबलेलं आवरण फुगून पुन्हा स्पंदू लागलेलं मी पाहिलं आहे. पूर्वीच्या पद्धतीत दोन्हीकडचे स्नायू हाडावरून सोडवून मागची कमान काढत. उपकरणाच्या अशा नळीतून चकतीचं ऑपरेशन करायची पद्धत १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ या सर्जननी मांडली, पुढे ती या दुखण्यासाठीही वापरात आली.

लहान छेदानं रक्त कमी जातं, पेशंट लवकर उठतो. पायांना मिळणारा दीर्घकाळचा आराम मात्र नीट केलेल्या मोठ्या छेदाच्या ऑपरेशनइतकाच असतो. नॉर्वेत ४३७ पेशंटवर कमी चिरफाडीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या, तर दोन वर्षांनी तिन्ही सारख्याच निघाल्या. म्हणून सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, ती करू द्यावी. लहान छेदातही नसांवरचं आवरण फाटून त्यातलं पाणी गळू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

त्याहून मोठा प्रश्न स्क्रूंचा. नळी मोकळी करणं वेगळं आणि मणके स्क्रूनं जोडणं वेगळं. स्वीडनमध्ये २४७ पेशंटवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्क्रू टाकलेल्यांना दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही, मणका थोडा सरकलेला असतानाही नाही. मणका खरोखर अस्थिर असेल किंवा कणा बराच वाकलेला असेल, तर स्क्रू लागतात. तेव्हा वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे दाखवायला सांगा आणि स्क्रू का, हे स्पष्ट विचारा. सांगितलेलं पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

ऑपरेशन पायांसाठी असतं. कंबरदुखी थोडी कमी होते, कधी तशीच राहते. पायांचा जडपणा बऱ्याच जणांचा लगेच हलका होतो, बधिरपणा जायला महिने लागतात. मधुमेहानं तळवे बधिर झाले असतील, तर ते यानं जाणार नाहीत.

हे सगळं सवडीनं ठरवायचं. फक्त लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर माझी अपॉइंटमेंट घेत बसू नका, रात्र असली तरी आईला थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या.