सहीपुरता अध्यक्ष

शाळा व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षं सदस्य होतो. बैठक एकही पाहिली नाही. रजिस्टर घरी यायचं, बहुतेक माझ्याच पोराच्या हातून, आणि मी फक्त विचारायचो, "कुठं करायची?"

नंतर पालकसभेत अध्यक्ष म्हणून माझंच नाव पुढं आलं. पात्रता एकच: मी बारा महिने गावात असतो. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जातं.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक लागतात, आणि सदस्यांत निम्म्या महिला. आमच्याकडं यादीत बाया होत्या, बैठकीला त्यांचे नवरे. सकाळी अकराला रोजंदारी सोडून कोण येणार? मग बैठक रात्री आठला, मारुतीच्या पारावर ठेवली. पहिल्या रात्री चार बाया आल्या. बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

खरी परीक्षा हंगामी वसतिगृहाची. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी. नावाला वसतिगृह, मुलं झोपतात आजीकडं नाहीतर चुलत्याकडं, जेवतात शाळेत. चालवायचं समितीनं. ठराव, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी, पालकांची संमती हे सगळं मुख्याध्यापकांनी बसून करून घेतलं. ते सोपं होतं.

अवघड होतं ते दारोदार फिरणं. एका घरी बिऱ्हाड बांधणं चालू होतं. तवा, परात, पाण्याची कळशी एका गोधडीत. सहावीतली पोरगी दप्तर पोटाशी धरून उंबऱ्यात उभी. आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, "भाऊ, ही इथं राहिली तर तिकडं कोपीवर, झोपडीत, बारक्याला कोण बघंल? आम्ही पहाटं चारला फडात."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली, टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी परवा येणार. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पारावर आलेल्या एका बाईला घेऊन. ती अर्धा तास आत बोलत बसली, मी बाहेर. काय बोलल्या ते मला अजून कळलेलं नाही. पोरगी राहिली. दुसऱ्या तीन घरांतली गेली.

अनुदान वेळेवर आलं नाही. संक्रांतीपर्यंत किराणा उधारीवर चालला. दुकानदार म्हणाला, शाळेच्या नावावर देत नसतो. त्याच्या वहीत सही माझी आहे. ही मात्र आकडा वाचून केली.