साक्षीला बोलावलेली माणसे

बडोद्यात फतेगंजला आमच्या शेजारी मूळच्या कोट्टयमच्या एक निवृत्त परिचारिका राहतात. सारी इमारत त्यांना चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, फोडणीच्या वाफेने कडा पिवळ्या पडलेली, घोड्यावर बसून भाल्याने अजगराला मारणाऱ्या संताची तसबीर आहे. मी एकदा "हे सेंट जॉर्ज ना?" असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हमारे गीवर्गीस सहदा." सहदा म्हणजे काय, यावर त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "गवाह."

त्या एका शब्दामुळे मी ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतील आरंभीच्या संतांची चरित्रे वाचू लागले. मराठीत आपण अशा माणसाला हुतात्मा म्हणतो, म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ग्रीकमधील 'मार्टिस', सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतील 'सहदा' आणि आपल्या ओळखीचा अरबी 'शहीद' या तिन्ही शब्दांच्या मुळाशी मात्र साक्षीदार आहे. आहुती देणारा स्वतःहून कुंडाकडे जातो, साक्षीदाराला बोलावणे येते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण सर्वांत जुन्या चरित्रांत तो स्पष्टपणे जपलेला आहे.

स्मर्ना, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील इझमीर, येथील धर्माध्यक्ष पॉलिकार्प यांना इ. स. १५५ च्या सुमारास जाळण्यात आले. तेथील मंडळीने ही हकीकत पत्ररूपाने दुसऱ्या गावच्या मंडळीला कळवली आणि ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात पॉलिकार्प मरण शोधत जात नाहीत. लोकांच्या आग्रहावरून ते शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहतात, तेथून दुसऱ्या मळ्यात जातात, आणि शिपाई दाराशी आल्यावर मात्र माडीवरून खाली उतरून त्यांना खाऊपिऊ घालायला सांगतात. आपल्याला प्रार्थनेसाठी एक तास द्यावा एवढीच त्यांची विनंती असते. प्रत्यक्षात दोन तास उभे राहून ते आयुष्यात भेटलेल्या लहानथोर सर्वांसाठी प्रार्थना करतात. ख्रिस्ताला नाकार, तुला सोडतो, असे रोमन अधिकारी म्हणतो, त्यावर त्यांचे उत्तर असे आहे की शहाऐंशी वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग माझ्या राजाची मी निंदा कशी करू? चितेजवळ ते कंबरपट्टा सोडतात आणि वाकून स्वतःची पायताणे काढू पाहतात. याची त्यांना सवय नव्हती, असे पत्र सांगते, कारण ती सेवा आपल्याला मिळावी म्हणून भाविकांमध्ये नेहमी चढाओढ असे. पायताणांपाशी चाचपडणारा हा वृद्ध मला कोणत्याही चमत्कारापेक्षा अधिक खरा वाटतो.

याच पत्रात क्विंटस नावाचा एक माणूस येतो. तो आपण होऊन पुढे आला, इतरांनाही त्याने पुढे केले, आणि रिंगणातली श्वापदे पाहताच घाबरून देवतांना नैवेद्य दाखवून मोकळा झाला. पत्रलेखक त्याला फारसे दूषण देत बसत नाहीत. स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही स्तुती करीत नाही, एवढेच ते लिहितात.

पॉलिकार्प यांच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून गोळा करण्यात आल्या, आणि त्यांच्या मृत्यूच्या दिवसाला पत्रात जन्मदिवस म्हटले आहे. तुकाराम बीज साजरी करणाऱ्या आपल्या लोकांना यात परके वाटण्याजोगे काही नाही. ऑर्थोडॉक्स पंचांगात हा दिवस २३ फेब्रुवारीला येतो. पुढे ग्रीक आणि रशियन परंपरेत वेदीवरच्या एका वस्त्रात संतांच्या अस्थींचा कण शिवून ठेवण्याची रीत रुजली, आणि त्या वस्त्रावाचून तेथे वेदीवरची मुख्य उपासना होत नाही.

नंतरच्या शतकांत चरित्रे फुगत गेली. चेचींच्या तसबिरीतला अजगरही कथेत कित्येक शतकांनी आला. मला त्याचा राग नाही, पण माझा जीव जुन्या, कमी बोलणाऱ्या हकीकतींत रमतो. सेबास्टे, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील सिवास, येथे इ. स. ३२० च्या सुमारास ख्रिस्ताला न नाकारणाऱ्या चाळीस सैनिकांना उघड्या अंगाने गोठलेल्या तळ्यावर उभे केले होते. एक जण ऊब शोधत काठावरच्या स्नानगृहाकडे पळाला, आणि त्याच्या जागी पहाऱ्यावरचा एक शिपाई कपडे उतरवून जाऊन उभा राहिला. ९ मार्च हा त्यांचा दिवस. रशियात त्या दिवशी चंडोल पक्ष्याच्या आकाराचे पाव भाजतात आणि डोळ्यांच्या जागी मनुके लावतात.

सर्वांत जवळची वाटते ती उत्तर आफ्रिकेतील कार्थेजची पर्पेतुआ. इ. स. २०३ मध्ये ती सुमारे बावीस वर्षांची होती आणि तिचे मूल अंगावर पीत होते. तुरुंगात तिने स्वतः टिपण लिहिले, आणि त्या काळातील स्त्रीच्या हातचे असे लेखन फारच थोडे उरले आहे. वडील विनवायला येतात, तेव्हा ती समोरच्या घागरीकडे बोट दाखवून विचारते, याला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारता येईल का? तशी मी जी आहे, म्हणजे ख्रिस्ती, त्याहून वेगळे काही म्हणवून घेऊ शकत नाही. पुढे तेच वडील तिचे हात चुंबत पायांशी पडतात, आणि तिला त्यांचीच कीव येते. कोठडीतला अंधार, उकाडा, उपाशी बाळाची काळजी हे सारे ती लिहिते. बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला. तिच्यासोबत फेलिसितास ही गुलाम स्त्री होती. आठव्या महिन्यातच तिने कोठडीत मुलीला जन्म दिला आणि ती मुलगी दुसऱ्या एका ख्रिस्ती स्त्रीने वाढवली. ऑर्थोडॉक्स पंचांगात या दोघींचा दिवस १ फेब्रुवारी आहे.

पर्पेतुआचे टिपण रिंगणात उतरण्याच्या आदल्या दिवशी थांबते. इथवरचे मी लिहिले आहे, असे ती म्हणते, उद्या तिथे जे घडेल ते ज्याला लिहावेसे वाटेल त्याने लिहावे.