पूर ओसरला की ओबीएम असं बांधून ठेवा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. नेमकी तेव्हाच गावातली बोट काढावी लागते आणि वीस वेळा दोरी ओढूनही ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन (आउटबोर्ड मोटर), दाद देत नाही. ही चूक जुलैतली नसते, आदल्या ऑक्टोबरातली असते.

बर्फाच्या देशात आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो, म्हणून तिथे काही जण अँटिफ्रीज (पाणी गोठू न देणारं द्रव) घालतात. आपल्याकडे ती गरज नाही. आपल्याला नडतो तो कृष्णेचा गाळ आणि तसंच पडून राहिलेलं पेट्रोल. खालची पद्धत टू-स्ट्रोक (पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणाऱ्या), कार्बोरेटरच्या इंजिनासाठी आहे.

आधी गाळ काढा. २०० लिटरच्या बॅरलमध्ये स्वच्छ पाणी भरा, पंख्यावरची (प्रोपेलरवरची) आडवी पट्टी बुडेल इतकं. गिअर न्यूट्रलला ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवा. गढूळ झालं की पाणी बदला. इंजिन थंड करून मागून येणारी पाण्याची पिचकारी बारीक असेल तर इंजिन बंद करून त्या भोकात पातळ तार फिरवा. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही चालवू नका, पाणी खेचणारा इम्पेलर रबरी असतो, तो लगेच जळतो.

शेवटी मंद गतीवर असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. बहुतेक जण इथेच थांबतात. पण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतंच. वाटीखालचा स्क्रू सोडून तेही काढा. नाहीतर उन्हाळ्यात ते आटून चिकट होतं आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं केसाएवढं भोक बुजतं. टाकीही रिकामी करा. आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं वंगण) वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला वंगणच मिळत नाही.

मग किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, प्लग खोला, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, ५ मिली, टू-टी ऑइल सोडा आणि दोरी हळूहळू चार-पाचदा ओढा. प्लग आधी हाताने फिरवून बसवा; थेट पान्याने आवळला तर आटे जातात.

गिअर ऑइलकडे नीट बघा. पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू काढा, मग वरचा. काळपट तेल आलं तर काळजी नको. दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलं आहे, आत पाणी शिरतंय. पंखा काढून दांड्यावर बघा. तिथे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा सील कापतो. सील बदलल्याशिवाय नवं तेल घालणं व्यर्थ. तेल खालच्या भोकातून भरा, वरून भरलं तर आत हवा अडकते. वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वायसर दोन्ही नवे. जुने वाचवण्यात अर्थ नाही.

इंजिन उभंच टांगा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. वर सुती कापड घाला. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो. उंदीर कव्हरखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा महिन्याला एकदा झाकण उघडून बघा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बॅरलमध्ये अर्धा तास चालवा. पेट्रोल ताजंच हवं. ५०ः१ सांगितलेल्या इंजिनाला १० लिटरमागे २०० मिली ऑइल, तेही पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. सुरुवातीला पांढरा धूर निघेल. तो आपण सोडलेल्या तेलाचा, पाच-दहा मिनिटांत जातो.