आमची वाटचाल : भेटीसाठी पुस्तके निवडताना

सुट्टीत भेट देण्यासाठी पुस्तके निवडणे, ती नीट बांधणे आणि देणाऱ्याच्या हस्ताक्षरातील चिठ्ठीसह वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवणे, एवढेच आमच्या व्यवसायाचे काम आहे. आम्ही पुस्तके छापत नाही आणि त्यांचा मोठा साठाही ठेवत नाही. ग्राहक आमच्याकडे येतो तो निवडीसाठी. या निवडीला स्वतंत्र काम मानून कोणी त्याचा मोबदला देईल का, अशी शंका सुरुवातीला आमच्या जवळच्या माणसांनीच बोलून दाखवली होती, आणि पहिल्या सुट्टीतील आमचे काम पाहता ती शंका अगदीच निराधार नव्हती.

हा व्यवसाय मी आणि माझी थोरली बहीण, अशा आम्ही दोघींनी सुरू केला. ताई अनेक वर्षे ग्रंथालयात काम करत होती आणि मी छापखान्यात मुद्रिते तपासत होते. तिला वाचक ठाऊक होते, मला कागद, टंक म्हणजे छपाईचे अक्षर, आणि बांधणी ठाऊक होती. सुट्टी जवळ आली की नातेवाईक आणि ओळखीचे लोक ताईला विचारत, ‘भाचीसाठी एखादे चांगले पुस्तक सांगा.’ ती लगेच नाव सांगत नसे. आधी भाचीविषयी विचारत बसे. त्या विचारपुशीतच व्यवसायाचे बीज होते, हे मात्र आमच्या फार उशिरा लक्षात आले, कारण व्यवसाय उभा करताना आम्ही नेमकी तीच गोष्ट बाजूला ठेवली.

पहिल्या सुट्टीत आम्ही वयोगटांचे कप्पे केले होते. तीन वर्षांपर्यंत, चार ते सहा, सात ते नऊ, दहा ते बारा, कुमार, प्रौढ आणि ज्येष्ठ, असे सात गट करून प्रत्येकासाठी काही पुस्तके ठरवली आणि ग्राहकाकडून केवळ वय विचारून संच पाठवले. काम भराभर झाले, पण सुट्टी संपल्यावर जे कानावर आले त्याने आम्ही दोघीही अस्वस्थ झालो. नऊ वर्षांच्या एका मुलाला आम्ही दोनशे पानांची कादंबरी पाठवली होती आणि तो अजून बोट ठेवून एकेक शब्द वाचत होता. त्याच्या पाठीवरच्या सहा वर्षांच्या बहिणीने ती कादंबरी चार दिवसांत संपवली, तेव्हा भेट मिळाल्याचा आनंद जाऊन त्याच्या मनात फक्त संकोच उरला. एका निवृत्त गृहस्थांना ‘ज्येष्ठ’ या कप्प्यातील चिंतनपर पुस्तक गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात यंत्रे दुरुस्त केली होती आणि त्यांना यंत्रांविषयीच वाचायचे होते, ही गोष्ट त्यांच्या मुलाला पूर्ण ठाऊक होती; आम्ही त्याला ती विचारलीच नव्हती.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. ताईला ही सूत्रे पाठ होती. पहिल्या सुट्टीनंतर तिने ती कागदावर लिहून बांधणीच्या टेबलासमोर लावली आणि वयोगटांच्या पाट्या काढून टाकल्या. वय ही पुस्तके मांडणाऱ्याची सोय आहे. वाचणाऱ्याविषयी ते फार थोडे सांगते. एवढे मान्य केल्यावर मग विचारायचे काय, हा प्रश्न उरला, आणि आमच्या पुढच्या सगळ्या वाटचालीला या प्रश्नाच्या उत्तरानेच आकार दिला.

आमची प्रश्नावली आधी फार लांब होती. आवडता विषय, आवडता लेखक, दिवसातून किती वेळ वाचतात, असे बरेच काही तिच्यात होते, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा देणाऱ्याच्या कल्पनेतील वाचकाची असत. काट मारता मारता तीन प्रश्न उरले. कोणी सांगितले नसताना, आपणहून, शेवटपर्यंत वाचलेले त्यांचे अलीकडचे पुस्तक कोणते? अर्धवट सोडलेले पुस्तक कोणते? आणि पुस्तकाचा विषय नसताना ते कशाविषयी भरभरून बोलतात? यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. सोडलेले पुस्तक जाड होते म्हणून सुटले, अक्षर बारीक होते म्हणून सुटले, की आरंभीची चाळीस पाने नुसत्या वर्णनात गेली म्हणून सुटले, हे कळले तर निवडीचे अर्धे काम झालेले असते. जी व्यक्ती मुळीच वाचत नाही असे ग्राहक सांगतो, तिच्या बाबतीत तिसरा प्रश्न उपयोगी पडतो. झाडे लावणारा, क्रिकेटचे जुने सामने आठवून सांगणारा, घरातील प्रत्येक उपकरण उघडून पाहणारा माणूस कादंबरी वाचत नसेल, पण नकाशे, आकृत्या आणि छायाचित्रे असलेले त्याच्या विषयावरचे पुस्तक तो कुठूनही उघडतो, आणि तेही वाचनच आहे.

या प्रश्नांमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. भेट देणाऱ्याला पुष्कळदा पुस्तकाच्या मिषाने काही सुचवायचे असते. मुलाने शिस्त लावून घ्यावी, सुनेने काटकसर शिकावी, भावाने राग आवरावा, अशी इच्छा घेऊन लोक आमच्याकडे येतात. ही इच्छा नवी नाही. लंडनचे प्रकाशक जॉन न्यूबेरी यांनी १७४४ मध्ये मुलांसाठी जे छोटेखानी पुस्तक काढले, त्याच्यासोबत मुलग्यांसाठी चेंडू आणि मुलींसाठी टाचण्यांची गादी मिळत असे. दोन्हींची एक बाजू लाल आणि दुसरी काळी असे आणि चांगल्या-वाईट वागण्याच्या नोंदीसाठी त्या बाजूंवर टाचण्या टोचायच्या असत. मुलाचे मन रमवण्याचा विचार आणि त्याला वळण लावण्याचा विचार तेव्हाही एकाच पुडक्यात होता. अशा वेळी आम्ही ग्राहकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगतो, की उपदेशाचे पुस्तक वर्षात कधीही द्यावे, सुट्टीची भेट म्हणून देऊ नये. काही जण यावरून नाराज होऊन परत गेले आहेत. ते पुन्हा आले नाहीत याचे वाईट वाटते, परंतु हे मत आम्ही बदललेले नाही.

तान्ह्या बाळासाठी पुस्तक निवडताना माझे छापखान्यातील ज्ञान कामी येते. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि ठळक काळे-पांढरे आकार त्याची नजर लवकर वेधून घेतात. त्यामुळे फिकट रंगांचे, बारीक तपशिलाचे सुंदर पुस्तक त्या वयात मोठ्यांनाच सुखावते. पुढच्या महिन्यांत पुस्तक तोंडात जाणार हे गृहीत धरावे लागते. पाने जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल, आणि ओढून निघेल असा एकही सुटा भाग नाही, हे प्रत्येक नग हातात घेऊन पाहिल्याशिवाय आम्ही तो पाठवत नाही.

चित्रपुस्तकाचे वाचक दोन असतात, हे ताईने मला शिकवले. एक ऐकणारा आणि एक वाचून दाखवणारा, आणि वाचून दाखवणारा कंटाळला तर पुस्तक कपाटात जाते. चित्रपुस्तके बहुधा बत्तीस पानांची असतात, कारण छपाईत सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून होणारा पानांचा जुडगा, सोयीचा पडतो आणि दोन फर्म्यांत पुस्तक पुरे होते. पण याच मर्यादेमुळे चांगल्या चित्रपुस्तकात एकही शब्द वाया गेलेला नसतो. असे पुस्तक निवडण्याआधी आम्ही दोघींपैकी एक जण ते दुसरीला लागोपाठ तीनदा मोठ्याने वाचून दाखवते. तिसऱ्या वाचनात जीभ अडखळत नसेल आणि चित्रात अजूनही काही नवे सापडत असेल, तरच ते यादीत येते. नुकतेच वाचू लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरविरहित गोष्टी मिळतात. पण तिथेही गोष्ट खरोखर गोष्ट आहे का, की केवळ सोप्या शब्दांची रांग आहे, हे पाहावे लागते, कारण शब्द ओळखण्याची धडपड करणाऱ्या मुलाला पुढे काय होते याची ओढ नसेल तर त्याने ती धडपड का करावी?

कुमारवयीन वाचकांविषयी आम्ही थोडकेच बोलतो. त्यांच्या अडचणींवरचे पुस्तक मोठ्यांनी कागदात गुंडाळून देऊ नये, चित्रकथांना दुय्यम समजू नये, आणि मालिकेतील पुस्तक द्यायचे तर पहिला भाग आधी त्यांच्याकडे आहे का ते विचारावे, एवढे पाळले तरी पुरते.

ज्येष्ठ वाचकांच्या बाबतीत मात्र आमच्या हातून सर्वाधिक चुका झाल्या आणि आम्ही सर्वाधिक शिकलोही. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची क्षमता हळूहळू घटत जाते, हे सर्वांना ठाऊक असते; पण भेट निवडताना लोक मुखपृष्ठ पाहतात, आतले पान उघडत नाहीत. मोठ्या अक्षरातील पुस्तकांसाठी साधारण १६ ते १८ पॉइंटचा टंक वापरतात; पॉइंट हे छपाईतील अक्षराच्या आकाराचे माप आहे. देवनागरीत वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार यांना जागा द्यावी लागत असल्यामुळे तितक्याच पॉइंटचे मूळ अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान दिसते, म्हणून आम्ही छापलेल्या आकड्यावर विसंबत नाही आणि अक्षराची उंची पट्टीने मोजतो. ओळींमधील अंतर, कागदाची चकाकी आणि वजन यांनाही तितकेच महत्त्व आहे. संधिवात असलेल्या हातांना जाड पुठ्ठा-बांधणीचा ग्रंथ पेलत नाही, आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तके दाबून धरल्याशिवाय उघडी राहत नाहीत. फर्मे शिवून बांधलेले मध्यम आकाराचे पुस्तक टेबलावर उघडे ठेवले की तसेच राहते. एका आजींनी आम्हाला कळवले होते, की पुस्तक आवडले, पण ते धरून ठेवायला नातू शेजारी लागतो. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर वजनकाटा आहे.

ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी श्राव्य पुस्तके आणि ब्रेल असे दोन मार्ग आहेत. लुई ब्रेल यांनी आपली सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रेलमध्ये पुस्तकाचा विस्तार इतका वाढतो की एका मध्यम कादंबरीचेही अनेक खंड होतात, त्यामुळे ब्रेल पुस्तक पाठवण्यापूर्वी घरात ते ठेवायला सोयीची जागा आहे का, हे आम्ही विचारतो. श्राव्य पुस्तकाच्या बाबतीत आवाज हीच निवड असते; म्हणून ग्राहकाने वाचणाऱ्या निवेदकाचा नमुना आधी ऐकावा, असा आमचा आग्रह असतो.

चौथ्या सुट्टीत एका वितरकाकडून आम्ही एका प्रसिद्ध साहसकथेचे नग मागवले आणि आली ती संक्षिप्त आवृत्ती. नाव तेच, लेखक तोच, मुखपृष्ठही बरेचसे सारखे. गठ्ठे उघडायला उशीर झाला होता आणि परताव्यासाठी वेळ उरला नव्हता. चूक आमचीही होती, कारण मागणीपत्रावर आम्ही फक्त नाव लिहिले होते. प्रत्येक आवृत्तीला आणि प्रत्येक बांधणीला स्वतंत्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो, जो २००७ पासून तेरा अंकी झाला आहे. आता आमच्या मागणीपत्रावर तो क्रमांक आधी असतो आणि नाव नंतर. अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत अनुवादकाचे नावही तपासतो, कारण एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद ही वाचणाऱ्यासाठी दोन वेगळी पुस्तके असतात.

अर्पणाचा मजकूर पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहावा की नाही, यावर ताईचा आणि माझा बराच काळ वाद चालला. हस्ताक्षराशिवाय भेट अपुरी, असे ती म्हणे. लिहिलेले पुस्तक बदलून देता येत नाही, असे माझे म्हणणे होते. शेवटी आम्ही त्या पानाच्या मापाची वेगळी चिठ्ठी ठेवू लागलो आणि तिच्याबरोबर बदल-चिठ्ठीही जोडू लागलो. पुस्तक ठेवायचे ठरले की वाचणारा अर्पणाची चिठ्ठी स्वतः आत चिकटवतो. बदलीसाठी येणारे पुस्तक मी आनंदाने स्वीकारते, कारण त्याच्यासोबत त्या वाचकाविषयी एक खरी नोंद आमच्याकडे येते आणि पुढच्या वर्षीची निवड अधिक नेमकी होते.

आता आम्ही पाच जण हे काम करतो आणि सुट्टीपूर्वीच्या सहा आठवड्यांत जेवढ्या पुस्तकांची निवड मनापासून करता येईल तेवढ्याच मागण्या घेतो. एका कार्यालयाने सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकाच पुस्तकाच्या प्रतींची मोठी मागणी दिली होती. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारू द्यावेत, अशी विनंती आम्ही केली. ती त्यांना मान्य झाली नाही आणि ती मागणी आम्ही सोडली. त्या वर्षी हिशेब जुळवताना फार ओढाताण झाली.

मागील सुट्टीत एका मुलीने आईसाठी पुस्तक मागितले. आई साठीच्या घरात आहे आणि नुकतीच वाचायला शिकली आहे. आमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांना तिच्याकडे उत्तर असणे शक्य नव्हते. वाक्ये लहान, अक्षर मोठे, जोडाक्षरे थोडी, आणि तरीही विषय एका प्रौढ बाईच्या आयुष्याला साजेसा, अशी पुस्तके फार कमी निघतात. सोपे म्हटले की पानावर ससा आणि अस्वल येते. आम्ही तीन आठवडे शोधून एक पुस्तक पाठवले, आणि मुलीने कळवले की आई रोज एक पान वाचते आणि संपलेल्या पानावर पेन्सिलीने खूण करते. या सुट्टीसाठी आम्ही नवसाक्षर प्रौढांचा स्वतंत्र कप्पा केला आहे. त्यात सध्या नऊ पुस्तके आहेत आणि दहाव्याचे मोठ्याने वाचन ताईने आज सकाळी दुसऱ्यांदा पूर्ण केले.